खुंट्यांजवळचं गवत

कुरण-संशोधन केंद्रातल्या मोजणीदाराला तिथले लोक पाठीमागे 'गवत्या' म्हणायचे. म्हणोत बापडे. एकोणीस वर्षं तो लाकडी चौकट जमिनीवर टेकवून, आत किती जातींची रोपं आहेत ते गुडघ्यांवर बसून मोजत होता. दहा चौकोन कुंपणाच्या आत, जिथे मेंढरांना मज्जाव होता. दहा बाहेर, जिथे एका मेंढपाळ मावशीची मेंढरं रोज चरायची. जागा चुकू नये म्हणून प्रत्येक चौकोनाला लाल टोकांच्या खुंट्या ठोकल्या होत्या.

वर्षानुवर्षं आकडे एकच सांगत आले. कुंपणाच्या आत उंच गवत माजायचं आणि त्याच्या सावलीत बारकी रोपं मरायची. बाहेर मेंढरं ते गवत खाऊन आटोक्यात ठेवायची, त्यामुळे बारक्यांनाही ऊन मिळायचं. बाहेर सतरा जाती, आत जेमतेम सहा.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. घर खायला उठायचं, म्हणून तो कुरणावर लवकर यायचा आणि उशिरा निघायचा. नेमके तेव्हापासून बाहेरचे आकडेही घसरायला लागले. चौदा, अकरा, शेवटी आठ. राठ गवत ताठ उभं आणि बारकी रोपं गायब! बरंच डोकं खाजवून त्याने अर्थ लावला, की मेंढरं आता कोवळं तेवढं वेचून खातात आणि राठ सोडून देतात. तसा अहवाल गेला आणि वरून हुकूम आला : चराई बंद.

खरं तर दिवसभरात त्याच्याशी बोलणारं माणूस एकच, ती मावशी. "बरं आहे ना, भाऊ?" "बरं आहे." एवढंच बोलणं, पण त्याला त्याचा फार आधार होता. अहवालावर सही करताना त्याचा जीव तुटला. तरी आकड्यांत फिरवाफिरव करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

शेवटच्या दिवशी मावशी एकटीच आली. मेंढरं सकाळीच व्यापाऱ्याच्या ट्रकमधून गेली होती.

"निघते, भाऊ. लेकीकडे चाललेय. तुमच्या खुंट्या आता तुम्हीच सांभाळा. मी होते तोवर एकाही मेंढराला तिथे तोंड लावू दिलं नाही."

मोजणीदाराने हातातली चौकट खाली ठेवली.

"कधीपासून?"

"झाली की तीन वर्षं."

"अहो मावशी, तिथे मेंढरांनी चरायलाच हवं होतं! चरल्यावर काय होतं, तेच तर मी मोजत होतो!"

मावशीने रिकाम्या कुरणाकडे पाहिलं. "म्हणजे माझी मेंढरं माझ्याच हाताने गेली?"

"नाही. माझ्या. आजच कळवतो वरच्यांना. माझे आकडे चुकले, हुकूम मागे घ्या म्हणतो."

"आणि मेंढरं?"

ती तर सकाळीच गेली होती. मोजणीदाराने चौकट उचलून कुंपणाला टेकवली.

"एका शब्दाने सांगायचंत, भाऊ."

"तुम्ही तरी विचारायचंत, मावशी."

"कसं विचारणार?" मावशीने पदराने तोंड पुसलं. "रोज तिथे बसून रडत होतात तुम्ही. म्हटलं, या माणसाचं एवढं तरी कोणी खाऊ नये."

आपल्याला कोणी पाहत नाही, असं तो तीन वर्षं समजत होता.