सहा बाटल्या, सहा मोजे

सोमवारी संध्याकाळी माझ्या नवऱ्याने वाइनच्या सहा बाटल्यांना आपले लोकरी मोजे चढवले, प्रत्येकीच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली आणि त्यांना ओट्यावर ओळीने उभं केलं. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरीच्या पायात एक मोजा टिकत नाही, आणि इथे बाटल्यांचे लाड बघा."

मोज्यांचं कारण साधं होतं. बाटलीवरचं लेबल दिसलं की जीभ खोटं बोलायला लागते. महागडं नाव वाचलं की आपोआप एक गुण वाढतो. म्हणून लेबल झाकायचं, नंबर बघायचा, वास घ्यायचा, घास खायचा, घोट घ्यायचा आणि मग दहापैकी गुण लिहायचे.

मुलगी व्हायच्या आधी तीन वर्षं मी हेच काम करत होते, एका छोट्याशा वाइनच्या दुकानात. तिथल्या मालकीणबाईंचा एक हट्ट आहे. त्यांच्या मते माणूस वाइन जेवताना पितो आणि रोज काही घरात मेजवानी नसते. म्हणून त्यांच्याकडे प्रत्येक बाटलीखाली हाताने लिहिलेलं कार्ड असतं. 'घाईतल्या ऑम्लेटबरोबर, सात.' 'कालच्या उरलेल्या भाताबरोबर, पाच, पण लोणी घातलंत तर सहा.' ही कार्डं मी लिहायचे. गिऱ्हाइकं कार्ड वाचत हसायची आणि बाटली घेऊन जायची.

आता ती जागा पुन्हा भरायची होती आणि उमेदवार दोन होते. एक मी आणि दुसरे एक गृहस्थ, ज्यांच्याकडे वाइन चाखण्याचं चौकटीतलं प्रमाणपत्र होतं. दुकानात सगळे त्यांना 'सर्टिफिकेट' म्हणायचे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. मालकीणबाईंनी आम्हा दोघांना त्याच सहा बाटल्या दिल्या, प्रत्येकीचा नंबर आणि साधं जेवण ठरवून दिलं आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत गुण कळवा म्हणून सांगितलं. ज्याची कार्डं पटतील, त्याची जागा.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. सात महिने माझं सगळं लक्ष एकाच माणसावर होतं, आणि ते माणूस अडुसष्ट सेंटिमीटर उंच आहे. तिला आम्ही बारकी म्हणतो. ती आता चांगली गुटगुटीत आहे, पण नाव पडलं ते पडलं. ती जरा जास्त वेळ झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. कमी वेळ झोपली की डॉक्टरांना फोन करते. फ्रिजवर मी तिच्याबद्दलचे आठ नियम लावून ठेवलेत आणि घरातले त्यांच्याकडे बघून अधूनमधून उसासे टाकतात. "तुला नसलेलं दिसतं," असं नवरा म्हणतो. प्रेमानेच म्हणतो, पण म्हणतो.

तर सोमवारी एक नंबर, ऑम्लेट आणि टोस्टबरोबर. पांढरी वाइन होती. मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं आणि थबकले. पोहण्याच्या तलावाचा वास येत होता. तोच, शाळेच्या सहलीत ओल्या टॉवेलला यायचा तो. मी पुन्हा हुंगलं. तलावच. घोट घेऊन मगात थुंकला. चाखणारे गिळत नाहीत, आणि रात्री पोरीसाठी उठणाऱ्या बाईने तर नाहीच.

सासूबाईंनी मगात डोकावून पाहिलं. आयुष्यभर त्या एका शाळेच्या ग्रंथालयात होत्या आणि वस्तू वाया गेलेली त्यांना सहन होत नाही.

"गिळायचं नाही, तर मग तोंडात घ्यायचं कशाला?"

मी म्हटलं, कामाची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, पीकदाणी होती तेव्हा निदान लोक पान तरी खायचे.

एक नंबरला मी तीन गुण दिले. मंगळवारी दोन नंबर, मसुराच्या सूपबरोबर. ही लाल होती आणि हिलाही तलाव. चार गुण, तेही सूप छान झालं होतं म्हणून. बुधवारी तळलेल्या माशाबरोबर तीन नंबर. तलाव. वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या मळ्यांतल्या तीन बाटल्या एकाच तलावात बुडालेल्या कशा असतील?

मी नवऱ्यापुढे ग्लास धरला. त्याने लांब श्वास घेतला, डोळे मिटले आणि विचार करून सांगितलं की वाइनचा वास येतोय. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला या सगळ्याच आंबल्यासारख्या वाटतात, माझं काय धरतेस.

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला. आतापर्यंतचे गुण सहज विचारले. मी सांगितलं, तीन, चार, तीन. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"त्यांनी सात, आठ, सात दिलेत," त्या म्हणाल्या. "तुला सर्दी आहे का गं?"

सर्दी नव्हती. असती तर मी नाचले असते. बाळंतपणानंतर काही बायकांचं नाक बदलतं असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि एकदा वाचलेलं मी विसरत नाही, हाच माझा आजार आहे. मी घरभर हुंगत फिरले. साबण बरोबर. कॉफी बरोबर. नवऱ्याचे बूट दुर्दैवाने बरोबर. बारकीचं डोकं हुंगलं, तर दूध आणि उन्हात वाळलेलं दुपटं. तेही बरोबर. म्हणजे जगातला प्रत्येक वास मला येत होता, फक्त ज्यावर माझं काम अवलंबून होतं तोच बिघडला होता. गुरुवारी उकडलेल्या बटाट्यांबरोबर चार नंबर उघडली. तीन गुण. त्या रात्री मी जेवले नाही, बटाटे नुसते टोचत बसले.

शुक्रवारी सकाळी बारकीला पहिल्यांदा साधं पाणी द्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता वरचं खाते तर दोन घोट पाणी द्या. उकळून गार केलेलं पाणी मी तिच्या बाटलीत भरलं, सवयीने एक थेंब मनगटावर टाकला आणि कोण जाणे का, मनगट नाकाशी नेलं.

दोन नंबर.

मसूर सोडून हुबेहूब दोन नंबर. मी बाटली हुंगली. एक नंबर, तीन नंबर, सगळे आत हजर. बारकी हात पुढे करून पाणी मागत होती आणि मी तिच्या बाटलीत नाक घालून उभी होते.

आमच्याकडे निळ्या झाकणाचा एक टब आहे. त्यात पाणी भरून जंतू मारायची क्लोरीनची गोळी टाकायची, बारकीच्या बाटल्या अर्धा तास बुडवून ठेवायच्या आणि काढल्यावर विसळायच्या नाहीत, तशाच निथळायच्या. त्या गोळीचा वास दुधात कळत नाही. मी झाकण उचललं. आत, बारकीच्या बुटक्या बाटल्यांच्या मधोमध, माझे उंच दांड्याचे सहा ग्लास आडवे पडून शांतपणे आंघोळ करत होते.

मी नवऱ्याला हाक मारली. तो दात घासत आला. हे ग्लास इथे कोणी ठेवले, असं विचारलं तर म्हणाला, मीच, रोज ठेवतो. ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. मग त्याने ब्रश तोंडातून काढला आणि फ्रिजकडे रोखला.

"चौथा नियम. जे जे तोंडाला लागतं ते टबात. पाचवा नियम. टबातून काढलेलं नळाखाली धरू नये. अक्षर तुझंच आहे."

अक्षर माझंच होतं. बारकी नऊ दिवसांची असताना तिला डाव्या हातात धरून लिहिलेलं. मला रडावं की हसावं कळेना, म्हणून आधी बारकीला वाटीने पाणी पाजलं. मग आम्ही तिघंही ओट्याला टेकून हसत सुटलो आणि सासूबाईंनी विचारलं की चमचे पण टबात जातात का, कारण गेले आठवडाभर चहा त्यांना जरा दवाखान्यासारखा लागत होता. म्हणजे त्यांनाही वास येत होता. माझ्या धाकाने बोलल्या नाहीत इतकंच.

हसणं ओसरल्यावर मालकीणबाईंना फोन करणं आलं. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे नाक शाबूत, ग्लास नापास. पण वेळ वाढवून दिली नाही. त्यांनाही वाढवून दिलेली नाही, म्हणाल्या. शनिवार, बारा.

मग शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या स्वयंपाकघरात सहा दिवसांची जेवणं एकदम शिजायला लागली. ग्लास आदल्या दिवशीच सात वेळा गरम पाण्याने धुऊन खिडकीत उपडे घातले होते, आणि त्यांच्यापाशी सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. नवरा नुसता तिकडून गेला तरी त्या चष्म्यावरून बघत. तो अंडी फेटत होता, मी मासा तळत होते, सूप उकळत होतं, बारकी उंच खुर्चीत बसून उकडलेल्या बटाट्याला डोक्यावर चोळत होती. उरलेल्या वाइन बुचं लावून फ्रिजमध्ये होत्या, त्या मोज्यांसकट बाहेर आल्या.

एक नंबरचा वास घेतला आणि मला एकदम हलकं वाटलं. हिरवं सफरचंद. नुसतं हिरवं सफरचंद, तलाव नाही. ऑम्लेटचा घास, एक घोट. सात. दोन नंबर मसुराच्या सूपबरोबर अशी जमली की मी एक घोट चक्क गिळला. आठ. तीन नंबर माशाशी भांडली, पण बटाट्यांशी तिचं छान पटलं, म्हणून कार्डावर तसंच लिहिलं. चार नंबरला सहा गुण. पाच नंबर चिकनच्या पातळ रश्शाबरोबर, सात. माझं अक्षर पुन्हा सरळ येऊ लागलं होतं.

साडेअकराला सहा नंबर, टोमॅटो घातलेल्या मॅकरोनीबरोबर. बाटली नवीच उघडली. नाक घातलं.

ओला पुठ्ठा. तळघरात भिजून पडलेल्या खोक्याचा वास.

तो वास मला ओळखीचा होता. कधीकधी बूचच बुरसटलेलं निघतं आणि आतली वाइन अशी होते. शेजारची बाटली चांगली असते, ही एकटीच जाते. पण आठवडाभर चार चांगल्या वाइन मी तलावात बुडवल्या होत्या. मी रिकामा ग्लास हुंगला. काही नाही. दुसऱ्या ग्लासात ओतली. ओला पुठ्ठा. नवऱ्याला दिली, तो म्हणाला की खरं सांगू का, वाइनचा वास येतोय. सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला, बाजूला धरला आणि मान हलवली. मला नाही काही कळत, म्हणाल्या.

पाऊण तास आधी मला सफरचंद दिसलं होतं. आता मला एकटीलाच पुठ्ठा दिसत होता. सर्टिफिकेटने तिला नऊ दिले होते, हे मालकीणबाई कालच बोलता बोलता बोलून गेल्या होत्या. सात लिहिले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. बाटलीत पुन्हा खोट काढली तर म्हणतील, हिला नसलेलंच दिसतं. पेन मी बराच वेळ कार्डावर धरून ठेवलं. बारकी बटाट्याच्या हाताने माझी बाही ओढत होती.

मी लिहिलं, 'सहा. गुण नाहीत. ही बाटली बिघडली आहे. दुसरी उघडून बघा.'

मग बारकीला पोटाशी बांधलं, सहा नंबर मोज्यासकट पिशवीत घातली आणि अक्षरशः पळत सुटले. दुकानात शिरले तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. मालकीणबाई काउंटरमागे ग्लास पुसत होत्या. त्यांनी कार्डं एकेक करून वाचली. तिसऱ्याला हसल्या. सहावं वाचून चष्मा वर केला.

त्यांनी मोज्यातून बाटली काढली, थोडी ओतली, नाकाशी नेली. मागच्या फळीवरून त्याच वाइनची दुसरी बाटली काढून उघडली, दुसऱ्या ग्लासात ओतली. एकदा हा ग्लास, एकदा तो. बारकीने मोजा पकडून तोंडात घातला आणि मी, आठ नियमांची बाई, तो काढायला विसरले.

"त्यांची बाटली चांगली होती," मालकीणबाई अखेर म्हणाल्या. "तुझी वाया गेलेली."

मग त्यांनी पुसून ठेवलेल्यांतला एक रिकामा ग्लास उचलून माझ्यापुढे धरला. "आणि हा? हा कुठल्या टबातून आलाय, सांग बघू."

मी हुंगलं. चेष्टा आहे हे कळत होतं, पण वास खरंच येत होता.

"टब नाही," मी म्हटलं. "फडकं. काल ओलं घडी घातलं होतं तुम्ही."

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून नाकाला लावलं. तोंड वाकडं केलं आणि ते केराच्या डब्यात टाकलं.

"सोमवारी दहाला ये," त्या म्हणाल्या. "येताना चांगली दोन फडकी आण. आणि त्या पोरीच्या तोंडातून मोजा काढ."

घरी आले तर फ्रिजवरच्या कागदावर सासूबाईंच्या ग्रंथालयातल्या सुबक अक्षरात नववा नियम आलेला होता. 'उंच दांड्याच्या वस्तूंना घरातल्या पुरुषांनी हात लावू नये.' त्याखाली नवऱ्याने सही केली होती.