डोकं आत, नट बाहेर

ल्याओ मिस्त्रीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या रविवारी मात्र तो हातात उतरला आणि तिथेच घात झाला.

सकाळी त्याची एकुलती एक लेक वेनछी नवा कोट घालून गॅरेजात आली. तिच्यामागे मोटारसायकल ढकलत डाकिस. लग्न करीन तर ह्याच्याशीच, असं तिनं गेल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हापासून ल्याओनं त्या मुलाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ‘तो डोंगरावरचा’ म्हणायचा, बस. डाकिस डोंगरातल्या सीडिक आदिवासी जमातीचा, वर वुशे गावात राहणारा. ल्याओच्या पिढ्या खाली पुली गावाच्या बाजारात गेलेल्या. आज डाकिसच्या आईनं होणाऱ्या सुनेला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं, आणि नेमकं आदल्या दिवशी मागचं मडगार्ड तडकलं.

“काका, नवं आणलंय,” डाकिस खोकं पुढे करत म्हणाला. “कंपनीचं मिळालं नाही. हे बाहेरचं आहे, भोकं जुळत नाहीयेत.”

“बाहेरचं आणलं की जुळणार कसं?” ल्याओ लेकीकडे बघत म्हणाला. टोमणा कुणाला होता ते तिघांनाही कळलं.

“बाबा, बसवताय, की आम्ही दुसरीकडे जाऊ?”

दुसरीकडे? ल्याओच्या अंगाचा तिळपापड झाला. पाना उचलून तो गाडीला भिडला.

भोकं खरंच जुळत नव्हती. त्यानं कानस मारून ती लांबवली, खाली वॉशर भरले. मडगार्ड त्यामुळे जरा खाली आलं. आता बोल्ट. ह्या गॅरेजचा नियम एकच, डोकं आत, नट बाहेर. बोल्टचं चपटं डोकं टायरच्या बाजूला राहिलं पाहिजे, टोक वरच्या बाजूला. पण तसं घालायचं तर चाक उतरवावं लागतं, आणि चाक उतरवायचं म्हणजे तासभर त्या पोराला समोर सहन करायचं. ल्याओनं सरळ वरूनच बोल्ट घातले. जुने लांबीला पुरेनात म्हणून डब्यातले दुसरे, लांब घेतले आणि करकचून आवळले.

दुसरा रिवाजही त्यानं मोडला. गाडी दबल्यावर कुठे घासत नाही ना, हे बघायला दोघांनी बसून दोन उड्या मारल्याशिवाय ह्या दारातून गाडी जात नसे. वेनछी सहा वर्षांची असल्यापासून ते काम बापलेकीचं. तो पुढे, ती मागे. आजही ती सीट पुसत क्षणभर थांबली. ल्याओनं पाठ फिरवली आणि हात धुवायला गेला.

“झालं. न्या.”

 वेनछीनं भेटीचे शेवयांचे पुडे मागे बांधले, आणि दोघं गेले.

चहा घेऊन ल्याओ आवराआवर करायला बसला. ताटलीत मडगार्डसोबत आलेली पिशवी तशीच पडली होती. आत चार बुटके, चपट्या डोक्याचे बोल्ट. ते तळहातावर घेतले आणि त्याच्या पायाखालची वाळूच सरकली. लांब बोल्टची टोकं खाली, टायरवर रोखलेली. एकटा माणूस बसला तर कदाचित निभेल. पण मागे पोरगी आहे, सामान आहे, वर खड्ड्यांचा रस्ता. गाडी दबली की टोक टायर कापणार. कापता कापता एखाद्या वळणावर टायर फुटणार. बाजूला दरी.

“मेलो रे देवा,” तो मोठ्यानं म्हणाला. “माझ्याच हातानं!”

फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला, तर बंद. डाकिसचा नंबर? नाव घ्यायचं नाही तिथे नंबर कशाला ठेवेल हा शहाणा! बोल्ट खिशात, पाना खिशात, आणि ल्याओ आपली जुनी स्कूटर काढून सुटला.

नदीकाठ संपून चढ लागला तिथे ते दिसले. ल्याओनं हॉर्नवरचं बोट काढलंच नाही. “थांबा! अरे थांबा!”

वेनछीनं मागे वळून पाहिलं. बापाचा लालबुंद चेहरा, उगारलेला हात. तिनं डाकिसच्या खांद्यावर थापट्या मारल्या आणि गाडीनं वेग घेतला.

ल्याओनं स्कूटरचा कान पिळला. हा जवळ जाई, ते आणखी जोरात पळत. एका खड्ड्यात त्यांची गाडी दबली, आणि जळक्या रबराचा वास भपकन ल्याओच्या नाकात शिरला. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीला वाटतंय बाप ओढून न्यायला आलाय. हा जितका धावेल तितकी ती पळणार, आणि पुढे तर दरड कोसळून उखडलेला पट्टा.

वर्षभर ती ह्याला समजावत होती, तेव्हा हा ऐकायला थांबला नव्हता. आता थांबायचं होतं, आणि पोरगी मरणाच्या दिशेनं जात होती.

त्यानं ब्रेक दाबला. हॉर्न बंद. हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेला मटकन बसला, दोन्ही हात मोकळे वर करून. “मागे बघ, माझी आई,” तो पुटपुटत होता. “एकदा मागे बघ.”

गाडी वळणाआड गेली.  टायर फुटल्याचा आवाज येतो का, म्हणून ल्याओ कान देऊन बसला.

आवाज आला तो सावकाश उतरणाऱ्या इंजिनाचा.

“बाबा! काय झालं? छातीत दुखतंय?” वेनछी उडी मारून धावत आली.

ल्याओ तिच्याकडे न बघता गाडीमागे गुडघ्यावर बसला. टायरभोवती दोन खोल चरे, एकात आतले धागे दिसत होते. त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि डाकिसला खुणेनं बोलावलं. तोही वाकला, आणि पांढरा पडला.

“मी बोल्ट उलटे घातले,” ल्याओ म्हणाला. “माहीत असून. रागानं.”

 वेनछी रडत होती, आणि तिचा हात बापाच्या पाठीवर होता.

मग ल्याओ उठला. शेवयांचे पुडे सोडवून त्यानं आपल्या स्कूटरवर बांधले. “बसा. दोघं.” दोघं बसले. त्यानं मागून दोन्ही हातांनी स्कूटर दाबली, टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून पाहिली, परत दाबली.

“नीट आहे. जा. ही गाडी इथेच राहू दे, मी टेम्पो बोलावतो. चाक उतरवायचं राहिलंय माझं.”

“काका, आई विचारेल,” डाकिस चाचरत म्हणाला. “उशीर का झाला म्हणून. काय सांगू?”

ल्याओनं खिशातले बुटके बोल्ट मुठीत धरले.

“सांग, डाकिस,” तो म्हणाला, “सासऱ्यानं मडगार्ड चुकीचं बसवलं म्हणून.”