दुसरा कागद

लंडनच्या पिनर उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेचा कारभार पाहणाऱ्या गव्हर्नर मंडळावर सुहासिनी वझलवार चार वर्षांपूर्वी निवडून आली ती बिनविरोध. म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. हा तपशील ती फारसा उगाळत नसे. कुणी विचारलंच तर "निवडून आले" एवढंच म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण चार वर्षं पालकांची प्रतिनिधी म्हणून मिरवलं की माणसाच्या अंगावर जरा मूठभर मांस चढतंच. २००६च्या सप्टेंबरात मुदत संपली, पुन्हा निवडणूक लागली, आणि या खेपेला समोर फिलिप गारसाइड उभा राहिला.

गारसाइड माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. उंच, हसतमुख, दोन मुलींच्या वेण्या स्वतः घालून त्यांना शाळेत सोडणारा बाप. त्याच्या जाहीर निवेदनात मुद्दा एकच होता: शाळेला नवा कम्प्युटर सूट. वीस नवेकोरे कम्प्युटर आणि भिंतीवर इंटरॅक्टिव्ह बोर्ड. आणि हे सगळं मांडायचं कुठे? तर कॉरिडॉरच्या टोकाच्या छोट्या खोलीत.

त्या खोलीला आपल्या बायका 'धाकटी खोली' म्हणत. परदेशातून नव्यानं आलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलांना मिसेस लॅम्बर्ट तिथे बसवून शिकवायच्या. बुधवारी सकाळी त्याच खोलीत, त्याच बुटक्या खुर्च्यांवर, मुलांच्या आया बसायच्या. वर्क परमिटवर नवरा आलेला आणि त्याच्यामागून आपण आलो, अशा या बाया. पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या, डिग्र्या घेतलेल्या. पण इथल्या रिसेप्शनिस्टनं एक प्रश्न विचारला की "माय हजबंड विल कॉल" म्हणून सुटका करून घेणाऱ्या.

सुहासिनीही एकेकाळी त्यातलीच. नागपूरला राज्यशास्त्रात एम. ए. केलेली ही बाई लंडनला आली आणि मुकी झाली. राजीव, तिचा नवरा, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. बोलायचं ते तो बोलायचा. लेक निधी शाळेत जायला लागली त्या वर्षी मिसेस लॅम्बर्टनी तिला त्या बुटक्या खुर्चीवर बसवून विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" इंग्लंडात कुणीतरी तिला मत विचारण्याची ती पहिली वेळ. उत्तर द्यायला तिला तीन बुधवार लागले. मिसेस लॅम्बर्ट थांबल्या होत्या.

जूनच्या सभेत कम्प्युटर सूटचा प्रस्ताव आला आणि नऊ विरुद्ध आठ असा एका मतानं अडला. ऑक्टोबरात तो पुन्हा येणार होता. ते एक मत सुहासिनीचं. तिच्या जागी गारसाइड बसला की धाकटी खोली गेली, हे शाळेच्या शिपायालाही कळत होतं.

"काळजी कसली?" सुहासिनी राजीवला म्हणाली. "आपल्या लोकांचीच साठ घरं आहेत शाळेत. सगळी मतं खिशात आहेत माझ्या."

"खिसा एकदा चाचपून बघ," राजीव पेपरामागून म्हणाला. "भोक असायचं."

निधी दोन्ही निवेदनं शेजारीशेजारी ठेवून बघत होती. नऊ वर्षांच्या या इंग्लिश कन्येचं मराठी म्हणजे आनंदच. "आई, तो मॅनचा फोटो किती मोठी आहे! तुझी फोटो का नाही?"

फोटो नव्हता, कारण स्वतःचा फोटो छापणं सुहासिनीला बरं वाटलं नव्हतं. स्वतःबद्दल तर तिनं जवळजवळ काहीच लिहिलं नव्हतं. आपल्या तोंडानं आपली टिमकी काय वाजवायची? लोकांना माहीत आहे की! लोकांना काय माहीत आहे, हे तिला पुढच्या आठवड्यात कळायचं होतं.

मतपत्रिका मुलांच्या दप्तरांतून घरोघरी गेल्या. परत येण्याची मुदत शुक्रवारी दुपारी साडेतीन. नवरात्र चालू होतं, आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर वैभवीकडे भोंडला होता. वैभवी पुण्याची, वर्षापूर्वीच आलेली, तिची लेक आश्लेषा रिसेप्शनच्या, म्हणजे बालवर्गात. सोफे भिंतीला लावून मधे पाटावर हत्ती मांडला होता, चौदापंधरा जणी फेर धरून दमल्या होत्या आणि आता खिरापत ओळखण्याचा गोंधळ चालला होता. करंजी नाही, ढोकळा नाही, वैभवी डबा उघडेना. तेवढ्यात तिचा नवरा अवधूत ऑफिसातून लवकर आला. सॉफ्टवेअरमधला, सरळ स्वभावाचा मुलगा. सुहासिनीला बघून तो बिचकला, आणि बिचकलेली सरळ माणसं करतात तेच त्यानं केलं. खरं सांगून टाकलं.

"ताई, रागावू नका. मी गारसाइडला व्होट केलं. पर्सनल काही नाही हं. पण कम्प्युटर सूट... आमचं पोटच त्यावर चालतं ना."

साठ घरं, आणि साठांतली निम्मी सॉफ्टवेअरवाली! हे आधी सुहासिनीच्या डोक्यात का नाही आलं? तरी चेहरा सावरून ती म्हणाली, "अरे, रागवायचं काय त्यात? तुझं मत. आणि वैभवीनं?"

"तेच की. दिलं ना आम्ही."

"तुझं तू दिलंस. तिचं?"

अवधूत गोंधळला. "घरचं एकच असतं ना? दुसरा कागद ऑफिस कॉपी." तो लगबगीनं आत गेला आणि एक निळी फाईल घेऊन आला. फाईलवर नीट अक्षरात 'स्कूल – जनरल' लिहिलेलं. आत पावत्या, ट्रिपचे फॉर्म, लसीकरणाचं पत्र, आणि सगळ्यांत वर, पंचिंग मशीननं दोन भोकं पाडून व्यवस्थित लावलेली, कोरी मतपत्रिका.

आता यात अवधूतचा दोष काय? ज्या माणसानं ॲडमिशनपासून व्हिसापर्यंत प्रत्येक फॉर्म दोन प्रतींत भरला, एक देऊन एक रेकॉर्डला ठेवली, तो दोन कागद आले की दुसऱ्याचं काय करणार? सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की आईला एक आणि वडिलांना एक. पण हजार फॉर्म भरलेला माणूस सूचना कशाला वाचतोय?

"आमच्याकडेही फाईललाच आहे," मीनल म्हणाली.

"आमच्याकडेसुद्धा," रेखा म्हणाली. "ह्यांनी तर प्लास्टिकच्या कव्हरात घातलाय."

एकेक करून साऱ्याजणी तेच म्हणाल्या. पिनरमधल्या मराठी घराघरांत बायकांची मतं भोकं पाडून, तारखेनं लावून, सुरक्षित ठेवलेली होती. दुसऱ्या कुठल्या लोकांनी तो कागद कधीच रद्दीत टाकला असता. आपण कागद टाकत नाही म्हणून ही अब्रू अजून वाचण्यासारखी होती.

सुहासिनीच्या जिभेवर शब्द आले होते: मग भरा की, आणि मला द्या! मत मागायचं नाही, अशी उमेदवारांना शाळेची सूचना होती. पण सूचनेपेक्षाही दुसऱ्याच गोष्टीनं तिला अडवलं. नवरा सांगेल तिथे फुली मारणाऱ्या बायका उद्या ताई सांगेल तिथे फुली मारणार. मग फरक काय पडला? आणि धाकट्या खोलीत मिसेस लॅम्बर्ट इतकी वर्षं करत काय होत्या?

ती म्हणाली, "तो कागद कॉपी नाही. तो तुमचा आहे. उद्या साडेतीनपर्यंत शाळेच्या ऑफिसात पोचला पाहिजे. कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. आणि कुणालाच विचारू नका."

मग वैभवीनं विचारलं, "पण ताई, कम्प्युटर आले तर आश्लेषाचं भलंच होईल ना?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "होईल," सुहासिनी म्हणाली.

"आणि आपली खोली जाईल?"

"जाईल."

"मग काय करायचं?"

"तुला काय वाटतं?"

वैभवीनं नवऱ्याच्या हातातली फाईल घेतली, खटका उघडून तो कागद बाहेर काढला आणि स्वयंपाकघरात गेली. "अगं, निदान डिस्कस तरी..." अवधूत म्हणाला. आतून दार लागलं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा कागद घडी घालून पाकिटात बंद होता, आणि खिरापतीचा डबा तिच्या काखेत. "खांडवी आहे," तिनं जाहीर केलं. "तुम्हाला कुणाला ओळखता येणार नव्हतीच."

शुक्रवारी दुपारी सुहासिनी मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. फाटकाशी थांबलं तर मतं मागतेय असं दिसलं असतं. तीन वाजल्यापासून बायका येऊ लागल्या. एकट्या, दोघीदोघी, प्रॅम ढकलत, कोटाच्या खिशात हात घालून. काही तिच्याकडे बघून हसल्या, काहींनी मान खाली घातली. मान खाली घालणाऱ्या जास्त वाटल्या. त्यांच्या मनात काय आहे हे तिला कळेना, आणि आपणच कळायची वाट बंद केली आहे हेही आठवलं. तिचा जीव टांगणीला लागला.

मोजणी हेडमिस्ट्रेसच्या खोलीत झाली. मंडळाच्या क्लार्क मिसेस ब्रॅडली यांनी पेटी टेबलावर पालथी केली. आधी पडलेली पाकिटं वर आली, शेवटची सगळ्यांत खाली गेली. त्या एकेक मत दोन ढिगांत ठेवू लागल्या. गारसाइडचा ढीग भराभर उंच झाला. चौसष्ट झाले तेव्हा सुहासिनीचे होते एकोणपन्नास. गारसाइडनं सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. आता संपलं, तिच्या मनात आलं. मिसेस लॅम्बर्टना सोमवारी काय तोंड दाखवू?

मग मिसेस ब्रॅडलींनी एक कागद उजेडात धरला. "याला भोकं आहेत."

पुढच्यालाही होती. त्याच्या पुढच्यालाही. एक तर प्लास्टिकच्या कव्हरासकट आला होता.

"कागदाला भोक असलं तर चालतं का?" गारसाइडनं विचारलं, तेही कुतूहलानंच.

मिसेस ब्रॅडलींनी नियमांचं पुस्तक चाळलं, चष्मा वर केला. "फुली स्पष्ट पाहिजे. भोकांबद्दल काही म्हटलेलं नाही." आणि त्यांनी तो कागद सुहासिनीच्या ढिगावर ठेवला.

पन्नास. एकावन्न. बावन्न. मग एक गारसाइडला. पुन्हा तिला, तिला, तिला. भोकं पाडलेले एकतीस कागद निघाले. भोंडल्याला होत्या पंधरा. म्हणजे गोष्ट एका दिवसात फोनवरून साऱ्या पिनरभर झाली होती. सत्तावीस तिला, चार गारसाइडला. शहात्तर विरुद्ध अडुसष्ट! गारसाइडनं तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि विचारलं, "हे भोकांचं काय ते मला सांगशील का कधी?" सुहासिनीला हसू आणि रडू एकदमच आलं. ती जिंकली होती. बिनविरोध नव्हे, चांगली तोलामोलाच्या माणसाशी लढून. आणि त्या चार मतांचाही तिला आनंद झाला. त्या चौघींनीही कुणाला विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या सभेत प्रस्ताव आला. बोलायची पाळी आली तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदाच सुहासिनी स्वतःबद्दल बोलली: बुटकी खुर्ची, तीन बुधवार, सगळं. आवाज एकदा कापला, तिनं कापू दिला. नऊ विरुद्ध आठच होईल असं वाटत होतं. झालं अकरा विरुद्ध सहा. कम्प्युटर लायब्ररीच्या मागच्या भिंतीला लावायचं ठरलं. धाकटी खोली राहिली.

बाहेर पडली तर फाटकाशी घोळकाच उभा. बायका, मुलं, प्रॅम धरून कंटाळलेले नवरे, आणि मधे हातात रुमाल घेतलेल्या मिसेस लॅम्बर्ट. सुहासिनीनं नुसती मान हलवली आणि एकच गलका झाला. मीनलनं मिसेस लॅम्बर्टना मिठी मारली, तशी त्या बाईंना रडणं आवरेना. सुहासिनीनंही आवरलं नाही.

अवधूत पुढे आला. "काँग्रॅट्स, ताई. मी हरलो, पण चला, आमच्या घरात तरी टाय झाला. एक मत माझं गारसाइडला, एक वैभवीचं तुम्हाला."

"टाय झाला हे तुला कुणी सांगितलं?" वैभवी म्हणाली.

"म्हणजे? तू ताईंनाच दिलंस ना?"

वैभवीनं आश्लेषाच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "ते माझं मी बघेन," ती म्हणाली, आणि सुहासिनीकडेही न बघता बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागली.