डावे आटे

पुढची फेरी

मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध मोतिया रंगाची जुनी गाडी. तारांची चाकं, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यावर दोन पंखांचा एकच मोठा नट. चक्रस्वामींनी पुढच्या डाव्या नटावर लाकडी हातोडीने हलकीशी टिचकी मारली, नटापासून चाकापर्यंत खडूने सरळ रेघ ओढली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सोड."

गाडी पुढे गेली, मैदानाला वळसा घालून परत आली. रेघ मोडली होती. नट बोटभर फिरला होता.

"कुणी हात लावला?"

"कुणीच नाही!" गर्दी ओरडली.

"चक्र म्हणजे काळ, काळ म्हणजे चक्र! आणि चक्राच्या मधोमध काय?" स्वामींनी डोळे मिटले. "शून्य!"

"एवढं एक खरं बोलला," मागे उभ्या असलेल्या बाई पुटपुटल्या. तीस वर्षं तंत्रशाळेत लेथ शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आज सकाळीच परगावाहून आल्या होत्या. गाडी त्यांच्या दादाची. दादा जाऊन तीन महिने झाले होते.

उलटी फेरी

स्वामींनी मंत्र पुटपुटला. गाडी मागे-मागे चालवत तीच फेरी झाली. नट जागेवर! रेघ पुन्हा सरळ! शहाणीसुरती माणसंसुद्धा एकमेकांच्या अंगावर पडून पाहू लागली.

"गेलेल्याचा आत्मा शांत झाला," स्वामी म्हणाले. "पण तात्पुरता. गाडी मठात आली की कायमचा. वहिनी, गाडीचे कागद आणलेत?"

डावं-उजवं

दादाच्या बायकोच्या, वहिनींच्या हातात कागद होते. तीन महिने त्या एक वेळ जेवत होत्या. का, ते त्यांनी नणंदेलाही सांगितलं नव्हतं. ते स्वामींनी आता चारचौघांत, घसा ताणून सांगितलं.

"मरताना नवरा काय म्हणाला? 'डावं उजवीकडे, विसरू नका!' म्हणजे काय? बायकोने आजारपणात डावं-उजवं केलं! डावललं! शेवटच्या घटकेला ही बाई घरी अंघोळीला गेली होती!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

बाईंची कानशिलं तापली. आणि त्याच क्षणी डोक्यात काहीतरी खट्‌कन बसलं.

"वहिनी, दादा हे कुणाशी बोलला?"

"जायच्या आदल्या दिवशी. मी होते, वन्सं... आणि मिस्त्री. ब्रेकचं काम निघालं होतं, ते विचारायला आले होते."

आटे

"मिस्त्री, पुढे या. ब्रेक करताना, पुढची चाकं ज्यांवर बसतात ते दोन्ही हब काढलेत?"

"काढले, बाई."

"एका हबला डावे आटे, म्हणजे उलटे. एकाला सुलटे. डाव्या आट्यांचा कुठे बसवलात?"

"डावीकडे!" मिस्त्री छाती काढून म्हणाला. "डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. यात काय चुकायचंय?"

"तेच तर चुकलंय. दादा काय म्हणाला होता?"

मिस्त्रीचं तोंड उघडंच राहिलं. "डावं... उजवीकडे..."

"यंत्राला वैखरी पुरत नाही, बाई!" स्वामी गरजले. "मंत्राशिवाय नट फिरवून दाखवा!"

"दाखवते. ड्रायव्हर, मागे घे." बाईंनी नट जरा सैल केला, नवी रेघ ओढली आणि गाडी मागे जाईस्तोवर खणखणीत आवाजात म्हटलं, "बे एके बे, बे दुणे चार..."

बे दाहे वीस होईतो नट आवळत पुढे सरकला होता.

"बघा, आत्म्याला पाढेही चालतात." कुणीतरी फिस्सकन हसलं. "चाक किंचित सैल राहिलं की ते हबवर जरा जरा सरकतं आणि नटालाही सरकवतं. आटे योग्य बाजूला असले तर गाडी पुढे जाताना नट आवळतो. चुकीच्या बाजूला असले तर सुटतो, आणि मागे नेताना आवळतो. स्वामींची ती टिचकी नट सैल ठेवण्यापुरतीच होती. स्वामी, हे कुणी शिकवलं?"

मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "मीच. गाडी पुढे नेताना नट आपोआप सैल झालेला, मागे घेताना आवळलेला दिसला. घाबरून यांच्याकडे गेलो, तुमच्या दादांचं बोलणंही मीच सांगितलं."

मिस्त्रीची चूक, हीच स्वामींची सिद्धी! आणि तेवढ्या भांडवलावर एका बाईला तीन महिने अर्धपोटी ठेवलं.

दीड तासात हबची अदलाबदल झाली. सगळे नट चांगले ठोकून बसवले. पुढे दहा फेऱ्या झाल्या, रेघ केसभरही हलली नाही. स्वामी चौथ्या फेरीलाच पसार झाले होते.

"तरीपण बाई," एक म्हातारा म्हणाला, "काहीतरी असतंच हो."

"असतंच. आटे असतात. काही आपोआप फिरताना दिसलं तर हात जोडण्याआधी खाली वाकून पाहा. कळलं नाही तर विचारा. 'मला माहीत नाही' म्हणायला लाज नाही. मिस्त्री एवढं म्हणाले असते तर चाक निखळून कुणाचा जीव जायची पाळी आली नसती."

वहिनी अजून गाडीजवळच उभ्या होत्या. त्यांनी कागद फाडले.

"म्हणजे वन्सं, ते माझ्याबद्दल नव्हतंच?"

"नव्हतं. हबबद्दल होतं."

"मेल्याला बायको समोर दिसत होती," वहिनी डोळे पुसत हसू लागल्या, "आणि जिभेवर कोण, तर हब!" मग त्यांनी गाडीचं दार उघडलं. "बसा. भूक लागलीय मला."