वळणावर जीप ओरडते

आमच्या जीपच्या चारही चाकांना जोर आहे, असं मी अकरा वर्षं समजत होतो. रुखमाबाईच्या गावाच्या नाल्यात ते खोटं निघालं.

हे दोन हजार सहाच्या आगेमागे घडलं. आमचा कीर्तनाचा मेळा लहानच. कीर्तन हंसाबाई करतात. त्यांच्यामागे मृदंगवाला, दोन टाळकरी आणि तिसरा टाळकरी मी. कळंबला माझी पिठाची गिरणी आहे. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप मी घेतली ती याच कामासाठी, आणि ती चालवायला धावजी होता. आर्णीकडच्या तांड्यावरचा माणूस, कमी बोलणारा. अकरा वर्षांत त्यानं आम्हाला कुठल्याही कीर्तनाला उशिरा पोचवलं नव्हतं. एक ते रुखमाबाईचं सोडून.

रुखमाबाई वणीच्या पलीकडच्या एका खेड्यात राहते. नवऱ्याच्या तिथीला दरवर्षी ती कीर्तन ठेवते. त्या साली आम्ही गावाच्या अलीकडे नाल्यात फसलो. काळ्या मातीचा चिखल तुम्हाला ठाऊकच आहे, चाकाला असा लिंपतो की रबर दिसत नाही. खाली उतरून पाहिलं तर पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगरा फिरत होतं, बाकीची दोन जागच्या जागी उभी राहून बघत होती. बैलजोडी लावून निघेपर्यंत मंडपातली माणसं गाईम्हशींकडे निघून गेली होती. रुखमाबाई एकटी सतरंजीवर बसलेली. रागावली नाही. आम्हाला जेवू घातलं आणि निघताना एवढंच विचारलं, "पुढच्या साली तं येसान ना जी?"

ते विचारणं मला वर्षभर टोचत राहिलं. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. लोक सोयाबीनकडे वळत होते, गावोगावचे सप्ताह बंद पडत होते. अशात एक बाई कीर्तन सोडत नाही आणि आपल्याला तिच्या दारापर्यंत पोचता येत नाही, ही लाज होती.

म्हणून उन्हाळ्यात मी आणि धावजी वणीला गेलो. कोळशाच्या ट्रकांमुळे तिथं मिस्त्री तयार झालेले. देवरावांचं गॅरेज जुनं, आता त्यांचा मुलगा अश्वजित ते चालवतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पाने ओळीनं टांगलेले. त्यानं जय भीम केला, मी रामकृष्ण हरी म्हणालो, आणि चहा आला.

मी त्याला नाल्याची हकिगत सांगितली. तो म्हणाला, खळ्यावर मळणीला बैल फिरतात तेव्हा मधल्या मेढीच्या खांबाजवळचा बैल सावकाश चालतो आणि कडेच्याला झपाझप चालावं लागतं. गाडी वळते तेव्हा दोन चाकांचं तसंच असतं. दोघांना आपापल्या चालीनं चालू द्यायचं काम मधल्या डिफ्रन्शियलचं. पण चिखलात तेच अंगावर येतं. जे चाक सटकतं त्यालाच ते सगळा जोर देऊन बसतं. तिथं कुलूप पाहिजे, दोन्ही चाकं एक करणारं. ट्रॅक्टरला पायाखाली पेडल असतं तसं.

कुलपं दोन तऱ्हेची होती. एक आपोआप लागणारं, त्याला हात लावावा लागत नाही. दुसरं लिव्हरचं. लिव्हर खाली दाबून धरला की दोन्ही चाकं एक, सोडला की स्प्रिंगनं वर येतो आणि चाकं मोकळी. डांबरी रस्त्यावर मात्र ते सुटलेलंच पाहिजे, नाहीतर वळणावर टायर घासतात आणि ओरडतात.

धावजीचं मत आपोआपवाल्याकडे. चिखलात दोन्ही हात स्टिअरिंगला लागतात, लिव्हर कोण दाबत बसणार, असं तो म्हणाला. मी लिव्हरवर अडून बसलो. जी वस्तू आपली आपण ठरवते तिच्यावर माझा भरवसा नव्हता. त्या वर्षांत कोणाचाच कशावर नव्हता. माणसं बियाण्याची पिशवी उजेडात धरून पाहत, औषधाच्या डब्याचा वास घेत, दुकानदाराच्या तोंडाकडे बघत. गिरणीत दळण टाकून बाया तिथंच उभ्या राहत, पीठ बदलेल म्हणून. माझ्याच गिरणीत! मला वाईट वाटायचं, पण मीही त्यांच्यातलाच झालो होतो.

अश्वजितनं विचारलं, "काकाजी, समोर लाल बल्ब लावून देऊ? कुलूप लागलं का पेटन."

मी नको म्हणालो. बल्ब आला की वायर आली, वायर आली की बिघाड आला, आणि बिघाड आला की पुन्हा याच्याच दारात. तो हसला. लिव्हर त्यानं दोन सीटांच्या मधे, जरा मागं बसवायचं ठरवलं, म्हणजे धावजीशेजारी बसून मलाच दाबता येईल.

कामाला दोन दिवस लागणार होते. धावजीला तिथं ठेवून मी एसटीनं परतलो. निघताना मागं वळून पाहिलं तर दोघं चाकाशी उकिडवे बसून काहीतरी बोलत हसत होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर.

जीप आली. आठ दिवसांनी कीर्तनाला निघालो आणि कळंबमधल्याच पहिल्या वळणावर मागचं टायर किंचाळलं. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. जीप वळायला नाखूश, सरळ जायचा हट्ट धरल्यासारखी. मला अश्वजितचं बोलणं आठवलं. कुलूप तर कोणी लावलं नव्हतं. म्हणजे यांनी आत आपोआपवालंच घातलं. लिव्हर नुसता म्हाताऱ्याच्या समाधानाला.

मी धावजीवर नजर ठेवू लागलो. आषाढात पाऊस बेताचाच होता, लिव्हर दाबायची वेळच आली नाही, म्हणून खरंखोटं करता येईना. एकदा गिरणीचा पट्टा आणायला तो यवतमाळला निघाला तेव्हा मी मुद्दाम उठून बरोबर बसलो. त्या दिवशी जीप एकदाही ओरडली नाही. मला वाटलं, आज मी पाहतोय म्हणून हा सांभाळून वळवतोय. मग एका कीर्तनाहून येताना न राहवून विचारलं, जीप ओरडते काहून? तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "कीर्तनाले निघालं का ओरडते, भाऊ. एरवी नाई ओरडत."

हा टोमणा मला फार लागला. अकरा वर्षं कीर्तनाच्या दारात जीपजवळ बसून राहिलेला माणूस, आत कधी आला नाही, तो आता थट्टा करतो! मी हंसाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वामनराव, इतक्या बारीक कानानं माह्यं कीर्तन ऐकलं असतं तं तुमचंच भलं झालं असतं." मला हसू आलं नाही. मागच्या टायरांची नक्षी झिजलेली मी बोटानं चाचपून पाहिली होती.

भाद्रपदात रुखमाबाईची तिथी आली. आदल्या दिवशी मी आर्णीच्या एका ड्रायव्हरला सोमवारपासून ये म्हणून सांगून टाकलं. सकाळी निघताना धावजीला बाजूला घेतलं आणि म्हणालो, आजचं कीर्तन झालं की जीपची चावी माझ्याकडे दे.

"काहून?"

"तुले माहीत हाये."

मग गाडी पुसायचं फडकं त्यानं नीट घडी करून सीटखाली ठेवलं.

कीर्तन दुपारी चारला होतं. वाटेत वणी लागत होतीच. मी धावजीला जीप गॅरेजकडे घ्यायला लावली. दोघांना समोरासमोर उभं करायचं असं मी ठरवलं होतं. गॅरेजच्या फाटकात वळताना जीप जोरात ओरडली, अश्वजित हातातलं काम टाकून बाहेर आला. मी म्हणालो, मागची चाकं उचल आणि आत काय घातलं ते दाखव. तो गोंधळला, पण जॅक आणला.

सगळे उतरले. टाळांची थैली मी सवयीनं खांद्याला अडकवली. टाळ गॅरेजच्या तेलकट जमिनीवर कसे ठेवणार? चाकं अधांतरी झाली. अश्वजितनं एक चाक हातानं पुढं फिरवलं, दुसरं उलटं मागं फिरलं. मोकळं. त्यानं गॅरेजमधल्या पोराला आत बसवून लिव्हर दाबायला लावला, दोन्ही चाकं एका दिशेला फिरली. सोडला, पुन्हा मोकळं. पाच वेळा केलं. पाचही वेळा बरोबर.

तरी मनात आलंच, यांनी जॅकवर काही करामत केली असेल. धावजी लांब उभा होता, विड्याचं पान खात, जणू ही जीप त्याची नाहीच.

पुन्हा सगळे चढलो. जीप फाटकातून वळली आणि किंचाळली.

अश्वजित धावत आला. धावजीला थांब म्हणाला आणि माझ्या बाजूच्या दारातून आत डोकावला. मग हलकेच विचारलं, "काकाजी, हे थैली इथं कोणं टांगली?"

थैली मीच टांगली होती. टाळ पायाशी ठेवायचे नाहीत, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. अकरा वर्षं ती थैली मी मांडीवर घेऊन बसलो. पितळी टाळांचे सहा जोड, गावातल्यांना द्यायचेही त्यातच, गुडघे दुखून येत. नवा लिव्हर आला, त्याला वर गोल मूठ, बरोबर माझ्या हाताशी. मला वाटलं, देवानंच खुंटी दिली. तेव्हापासून कीर्तनाला निघताना बसलो की पहिलं काम ते. थैलीच्या वजनानं लिव्हर खाली जायचा, उतरताना थैली काढली की स्प्रिंगनं वर यायचा. धावजीला थैली दिसत होती, तिच्याखाली दबलेला लिव्हर नाही, आणि टाळांना तो कधी हात लावत नसे. आणि सांगायला समोर लाल बल्ब नव्हता.

अश्वजितनं थैलीला हात लावला नाही. "तुमीच काढा," म्हणाला. मी काढली. धावजीनं जीप रस्त्यावर एक चक्कर वळवून आणली. सायकलीचा होतो एवढासुद्धा आवाज झाला नाही. मागं बसलेल्या हंसाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी अश्वजितला हात जोडले. धावजीकडे मला पाहवेना.

पुढच्या वाटेला थैली माझ्या मांडीवर होती. तीनच्या सुमाराला नाला आला. रात्री पाऊस होऊन गेलेला, गेल्या सालापेक्षा चिखल जास्त. पुढच्या चाकांचा गियर टाकून धावजीनं जीप उतरवली. मधोमध ती हबकली, बुडाखालून तोच गरगर आवाज, आणि जागची हलेना. काठावर गावातली दोन माणसं येऊन उभी राहिली.

धावजीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोर बघत तो म्हणाला, "भाऊ, टाळ टांगा."

मी थैली लिव्हरला अडकवली. लिव्हर खाली गेला. मागची दोन्ही चाकं एकदम चिखलाला भिडली, जीप कण्हली आणि हातभर सरकली. मग थांबून पुन्हा वीतभर सरकली, आणि टाळ थैलीत खणखणत असतानाच आम्ही काठावर चढलो. मृदंगवाल्यानं विठ्ठल म्हणून हाक दिली.

मंडप भरलेला होता. रुखमाबाईनं हंसाबाईंचे पाय धुतले. कीर्तन उभं राहायच्या आधी धावजी माझ्यापाशी आला आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "कीर्तन झाल्यावर तुमी गर्दीत राहान. आताच घ्या." आणि जीपकडे निघून गेला.

दोन तास मी टाळ वाजवले. हंसाबाई त्या दिवशी फार सुंदर गायल्या असं सगळे म्हणाले. मला काही ऐकू आलं नाही. कंबरेला खोचलेली चावी टोचत होती.

शेवटी बुक्का लागला, माणसं एकमेकांच्या पाया पडू लागली. कीर्तनात लहानमोठा कोणी नसतो, समोर येईल त्याच्या पाया पडायचं. मी बुक्क्याची वाटी घेतली आणि मंडपाबाहेर आलो. धावजी जीपच्या चाकाचा चिखल काडीनं काढत होता. मी त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि वाकलो. तो दचकून मागं सरला, पण तोवर माझा हात त्याच्या चिखलाच्या पायाला लागला होता.

"चुकलो मी, धावजी," मी म्हणालो. "त्या आर्णीवाल्याले नाई म्हणून सांगतो."

तो कपाळाला हात लावून बोटावरचा काळा बुक्का पाहत राहिला. रुखमाबाई जेवायला हाका मारत होती.

"आता थैली कोठी ठेवान?" त्यानं विचारलं.

"माह्या मांडीवर."

त्यानं हात पँटला पुसला आणि चावीसाठी पुढं केला.