वरूनच गेलंय

मी छत्तीस हजार किलोमीटरवरून बोलतोय. तुम्ही ओरडू नका, मला खालचं सगळं ऐकू येतं. तुमच्या मालिका आणि तुमचं इंटरनेट माझ्याच अंगावरून जातं. मी उपग्रह. एका जागी बसलोय असं तुम्हाला वाटतं, पण पृथ्वीबरोबर धावून धावून माझा पिट्ट्या पडलाय.

जन्मलो तेव्हा काय लाड! धुळीचा कण नसलेली खोली होती. इंजिनिअर शिंक आली तरी बाहेर पळायचे.

आणि पुढे नशिबी काय आलं? गच्चीवरची एक डिश. सूनबाई तिच्यावर ओली चादर वाळत घालायची. खाली आजीबाईंची मालिका गायब! मग डिशवाला यायचा, सोफ्यावर बसून चहा ढोसायचा आणि सांगायचा, "आजी, वरूनच गेलंय."

वरून म्हणजे मी! मला ना तळपाय ना मस्तक, तरी आग जायचीच. चादर वाळली की सूनबाई ती काढायची, चित्र यायचं आणि शाबासकी त्या पठ्ठ्याला. जाण्याआधी एकदा तरी कुणी म्हणावं, बिचाऱ्याचा दोष नव्हता, एवढीच माझी इच्छा होती.

आता माझं इंधन संपलं. माझ्या शेजारी नवा उपग्रह आला. 'डिश वळवून घ्या' अशी पट्टी महिनाभर टीव्हीवर फिरत होती, पण जाहिरात समजून कुणी वाचली नाही. आज दुपारी माझी बोलती बंद केली. कान तेवढे उघडे राहिले. आणि आजच आजीबाईंच्या मालिकेचा शेवटचा भाग!

डिशवाला धावत आला. "आजी, आज खरंच वरून गेलंय. आईशप्पथ!"

"पुरे झालं तुझं वरून. चल गच्चीवर!"

गुडघे धरत आजीबाई स्वतः चढल्या. डिशवर चादर होतीच. त्यांनी ती ओढून काढली.

"हे बघ तुझं वरून! इतकी वर्षं उगाच त्या बिचाऱ्याच्या नावाने खडे फोडलेस!"

हाय रे दैवा! ज्या दिवशी खरंच माझ्यामुळे गेलं, त्याच दिवशी मी निर्दोष सुटलो.

डिशवाल्याने डिश जराशी त्या नव्या उपग्रहाकडे वळवली. तिने माझ्याकडून तोंड फिरवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खाली उतरून टीव्हीसमोर बसलेल्या आजीबाई ओरडल्या, "आलं, आलं चित्र!"

येतो मी. शेजारचं पोर नवीन आहे, त्याला सांभाळून घ्या. आणि सूनबाई, गच्चीत तेवढी एक दोरी बांधा हो!