खाली घेतलेला माणूस

सुमनबाईंचं पत्र वर्षभर माझ्या पुस्तकात पडून होतं. त्या नर्स. बदली होऊन गेल्यावर नव्या दवाखान्यातून त्यांनी लिहिलं होतं: 'मास्तर, तुम्ही खाली झोपला होता आणि उठून घरी गेलात, एवढंच लिहून पाठवा. इथल्या लोकांना वाचून दाखवीन.'

मी उत्तर दिलं नाही. मायना काय लिहावा, इथंच अडलो. शिवाय त्यांनी नेमकं मलाच खाली का घेतलं, हा संशय मनातून गेला नव्हता.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. मी छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर पेडगावचा सटवाजी, मेंढपाळ. छातीत कफ भरलेला, सुया चालू. जन्मभर मेंढरांत भुईवर झोपलेला माणूस. तापात "मेंढरं उधळली" म्हणत उठायचा, तेव्हा आपण उंच खाटेवर आहोत हे त्याच्या पायांना ठाऊकच नसायचं. दोनदा पडला. दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. मग सुमनबाईंनी फरशी कोरडी करून त्याची गादी खाली, आपल्या टेबलाजवळ घातली. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला.

दुपारी त्याची बायको केवळाबाई भाकरी घेऊन आली आणि दारातच बसली.

"अगं माय! खाली घेतलं का माज्या मालकाला?"

आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून भुईवर घेतात. तेवढंच तिला दिसलं.

"अहो, सारखे पडतात म्हणून घेतलं," सुमनबाई म्हणाल्या. "भुईवरून पडणार कुठं?"

"आमाला येड्यात काढू नका," सटवाजीचा भाऊ येडबा म्हणाला. "डाक्टरनं हात टेकले, अन् तुमी लपवायलात. मरायचंच हाय तर घरी मरंल. गाडी जुंपतो मी."

"सुया अर्ध्यावर आहेत. आत्ता हलवलंत तर रस्त्यातच जाईल तो."

"म्हंजे जानारच हाय, असंच ना?"

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही येता का खाली? खाली झोपलेला उठतोही, हे यांना दिसू दे."

मी पुस्तक मिटलं. सकाळी डॉक्टर माझ्या छातीला बराच वेळ नळी लावून बसले होते आणि नंतर बाईंशी हळू आवाजात उर्दूत बोलले होते. मला उर्दू येतं, पण ऐकू आलं नव्हतं. नाही म्हणायची मला लाज वाटली. खाली जाऊन झोपलो.

येडबा माझ्यावर वाकला. "मास्तर, तुमाला बी सांगितलं न्हाई व्हय?"

केवळाबाई मात्र थांबली. ती नवऱ्याच्या नाकापुढं हात धरी, मग माझ्या. गाडी जुंपली गेली नाही. सुया पुऱ्या झाल्या. सटवाजी येडबाच्या खांद्याला धरून चालत गेला. जाताना केवळाबाई म्हणाली, "चढा की मास्तर वर. किती दिवस मरायलात?"

मीही बरा झालो. डॉक्टर काय बोलले, ते मात्र कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात अंगणात पडलो. कंबर दुखावली. घरातली खाट उंच, म्हणून सुनेला म्हणालो, "चतुराबाई, माझं अंथरूण खाली घाल."

ती दचकली. "मामंजी, दिवेलागणीला असं अभद्र बोलू नये." मग आत जाऊन नवऱ्याशी कुजबुजली. थोड्या वेळानं मुलगा विचारू लागला, "अण्णा, ताईला सासरहून बोलावून घेऊ का?"

तेव्हा कुठं मला सुमनबाईंच्या पत्राचा अर्थ कळला. तिकडेही कुणीतरी गाडी जुंपत असेल.

अंथरूण मी स्वतः ओढून खाली घातलं. मायन्याचा विचार सोडला. पडूनच लिहिलं: 'सुमनबाई, मी तेव्हा खाली झोपलो होतो. आजही झोपलो आहे. हे पत्र टाकायला मी स्वतः जाणार आहे.'

चालता येऊ लागल्यावर काठी घेतली. मुलगा मागून हात पसरून येत होता. पायरीवर पाणी सांडलेलं दिसलं. थांबलो, सुनेकडून ते पुसून घेतलं, मगच उतरलो आणि पत्र टाकून आलो.